हॅडविनचा शेवट

हळर्ण, पेडणे

चि. उल्हास यास आशीर्वाद.

काल तू आलास आणि उंबरठ्यावरूनच म्हणालास, "मास्तर, उद्या विधानसभेत मी मराठी राजभाषा करूक पक्षाविरुद्ध मत देतलंय. खाणीवरचे माझे ट्रक बंद पाडतले, पाडूंदेत. तुमच्या हॅडविनान गिरणी घालवली, पण मान खाली घातली नाय."

मी तुला चहा दिला.

सहावीत कविता चालीवर म्हणून झाली की मी हॅडविनची गोष्ट सांगायचो. शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन आमदार, लाकडाच्या गिरणीचा मालक. गावासाठी स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभा राहिला आणि कफल्लक होऊनही ताठ जगला. बाकावरचा तुझा ठेका तेव्हा थांबायचा.

उल्हास, ज्या पुस्तकात मी ही गोष्ट वाचली, त्यात तसं नाही. हॅडविनने ऐनवेळी पक्षालाच मत दिलं आणि त्याच्या एका गिरणीच्या तीन झाल्या. कवितेनंतर तो शेवट मला सांगवेना, म्हणून मी माझा लावला.

तुझा संसार त्या ट्रकांवर चालतो. काल हे सांगायलाच हवं होतं. पण जन्मभर ज्या भाषेत शिकवलं, तिच्यासाठी तुझं मत मलाही हवं आहे, म्हणून जीभ रेटली नाही.

पणजीची सकाळची बस आत्ताच दारात थांबली होती. कंडक्टरने विचारलं, "मास्तर, उल्हासभाऊंक काय देवचा आसा?"

पत्र हातातच होतं. मी म्हटलं, "काय नाय."

तुझ्या मताची वाट पाहणारा,
पुंडलिक मास्तर