बॅटरी-खोलीतली शिट्टी

४ जून

चि. धाकटीस अनेक उ. आशीर्वाद.

गॅस ओळखणारी तुझी डबी आमच्या गोदामाच्या बॅटरी-खोलीत लावून पंधरा दिवस झाले. रोज दुपारी दीडनंतर शिट्टी मारते. भिंतीवरचा जुना अलार्म मात्र ढिम्म. तू म्हणतेस, आत केसाहून हजारपट बारीक तारा आहेत, त्यांवर धातूचा मुलामा. मुलामा म्हटलं की मला नकली दागिनेच आठवतात, रागावू नकोस.

खरा संशय मला विजेवाल्याचा आहे. तो त्या खोलीच्या दाराशीच डबा खातो, खिशात लायटर असतो आणि शिट्टी झाली की गालात हसतो. लायटरचा गॅस सोडून मजा बघत असणार. साहेबांच्या कानावर घातलं. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलंय.

वहिनी तुझी आठवण काढते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

९ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

नकली दागिन्यांचं भेटीत बघून घेईन! अरे, चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो. तारांवरचा मुलामा पॅलॅडियम धातूचा आहे, तो हा गॅस शोषून घेतो आणि तारेतली वीज बदलते. म्हणून तर डबी जुन्या अलार्मच्या कितीतरी आधी बोलते. तो बोलेल तेव्हा स्फोटाला एक ठिणगीसुद्धा पुरेल.

डबीने इकडे पाठवलेल्या नोंदी पाहिल्या. सव्वापासून गॅस हळूहळू चढतो, दोननंतर उतरतो. लायटरचा खेळ असा दिसत नाही, हवा कोंडल्यासारखी वाटते. विजेवाला गेल्यावरही शिट्टी होते का? त्या वेळात तिथे कोण काय करतं, बारीकसारीक सगळं कळव. नुसत्या संशयावरून कुणाच्या पोटावर पाय नको, दादा. मला भीती वाटते.

लोभ आहे, तो असाच राहो.

तुझी धाकटी

१४ जून

चि. धाकटीस अनेक उ. आशीर्वाद.

तो गेल्यावरही शिट्टी रोज झाली. तू सांगितलंस म्हणून कोण काय करतं ते लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला हात थांबला. जेवणानंतर शेजारच्या केबिनमध्ये मी घटकाभर डोळा मिटतो. बॅटरी-खोलीचा पंखा फार घरघरतो, म्हणून सव्वाला बंद करतो, दोनला लावतो. इतक्या वर्षांच्या सवयीत ते काम म्हणून कधी ध्यानातच आलं नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. माझं काय करायचं ते उद्या ठरेल. मग विजेवाल्याच्या घरी गेलो. लाजेने मान वर होईना. त्याने सगळं ऐकून घेतलं, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, आता पंखा चालू आहे ना.

जमलं तर या भावावरचा लोभ ठेव.

दादा