जेवणाआधीची बिरुदावली

संत मायकेलचा दिवस

पेरगार्दच्या गढीत आज रुजू झालो आणि पहिल्याच पंगतीत माझ्यावर घोर अन्याय झाला: रस्सा गार मिळाला. अपराधी मीच. सरदारीणबाई दालनात आल्या की त्यांची बिरुदावली खड्या आवाजात ललकारायची आणि ती संपेपर्यंत कुणी चमचा उचलायचा नाही, ही, पोरीला लॅटिन शिकवण्याच्या जोडीला, माझी नवी नोकरी. सरदारीणबाईंचं नाव आल्मोदिस. वय आठ, पुढचे दात पडलेले. महामारीने वडील, काका, भाऊ एकेक करून नेले आणि प्रत्येकाची जहागीर हिच्या चिमुकल्या खांद्यांवर आली. आता ही पेरगार्दची सरदारीण, दोन उतारांची धनीण, काळ्या रानाची राखणदारीण. मी म्हटलं, बाईसाहेब, एवढी बिरुदं तर आमच्या बिशपांनाही नाहीत. तर म्हणते, "असू दे पंतोजी, त्यांना दात आहेत ना!"

द्राक्षं खुडून झाली

म्हातारा द्वारपाल गिराउत बाईसाहेब आत आल्यावरही दार लावत नाही. एकेका बिरुदागणिक अदबीने बाजूला सरकतो, कुणाला वाट द्यावी तसा. वारा झोंबतो म्हणून मी कुरकुरलो. त्याने सुनावलं, की तुमचं लॅटिन तुमच्यापाशी. धनी अजून आत यायचेत.

संत ल्यूकचा दिवस

भुकेच्या घाईत आज 'दोन उतार' गाळले. बाईसाहेब रुसल्या: काकांना बाहेरच ठेवलंत! पुन्हा ललकारी दिली. जमिनीवर अंथरलेला लव्हाळा दारापासून दबत दबत तिच्या खुर्चीमागे गेला. ओला झाला होता. काका उतारावरच, भर पावसात मेला, असं गिराउत नंतर म्हणाला. तिने मान मागे टेकली. खुर्चीला पाठ नाही.

मृतात्म्यांचा दिवस

आईला कधी बोलावणार, असं विचारते. आईही वारलेली, पण ती रिकाम्या हाताने, जहागिरीविना नांदायला आलेली. वंशावळीत नुसतं 'पत्नी'. बिरुद नाही, म्हणून हाक नाही. हे मी तिला शास्त्रोक्त समजावलं. ती जेवली नाही. कालही नाही. एखादं बिरुद द्यावं का, म्हणून गिराउतला विचारलं. तो हातच जोडायला लागला. म्हणाला, नका हो पंतोजी. बापे वारशाला येतात, मागे उभे राहतात. आई लेकराला येईल.

संत मार्टिनचा दिवस

पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. हरलो. सगळ्यांच्या शेवटी जोडलं — 'अंगणातल्या नाशपातीची धनीण'. झाड आईनेच लावलेलं. लव्हाळा दबला. खुर्चीमागे थांबला नाही. पुढून आला. आल्मोदिस हसली, आणि कडेवर घ्या म्हणतं मूल, तसे दोन्ही हात वर —

दुसरा दिवस

अंग तापलंय. म्हणते, पंतोजी, आज रस्सा गरम प्या, नुसतं आईचं म्हणा. मी नाही म्हटलं. मग तिनेच पुटपुटलं, दात नसलेल्या तोंडाने —

रविवार

थडग्याचा दगड एवढासा. बिरुदं मावेनात.

नाताळाआधी

उद्या नवे सरदार येताहेत, कुणी लांबचे चुलत. सगळी बिरुदं म्हणायची. त्यांच्याआधी ज्यांची होती ते येतील, आणि आता तीही त्यांच्यात. गिराउत दार उघडं धरणार आहे. होऊ दे रस्सा गार.

येणाऱ्यांची भीती नाही मला. पण आईने तिला घट्ट धरलं असेल. मी हाक मारली, सगळे आले, आणि एकटी तीच नाही आली, तर मी —