यंदा रोटाला येऊ नको

श्रावण शु. ३, शके १८६४
धाकटे दीर, हिरामणभाऊजी, घर सोडून गेले ते गेलेच. रेल्वेकडच्या तारा तोडल्या त्यात त्यांचं नाव आहे म्हणतात. आणि इकडे हे गावचे पोलीस पाटील. एका आईचे दोघे, एक चावडीवर बसतो आणि दुसऱ्याला चावडी शोधते.

दुपारी जमादार येऊन गेला. चहा घेतला, गोड गोड बोलला. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "पाटील, कानबाई जवळ उनी. घरना मानूस रोटले येवाशिवाय ऱ्हावाव नही."

आपल्याच मुलखातला तो, कानबाई देवीच्या प्रसादाची जाड पोळी, रोट, खायला घरचा माणूस कुठूनही येतो हे जाणणारा. त्याला का सांगावं लागतं? चहाची कपबशी तशीच पडून राहिली.

शु. ५, नागपंचमी
खरंच येतील. हि. भाऊजींना मी ओळखते. सुरतेला गिरणीत होते तेव्हासुद्धा कानबाईला आले होते, तापीला पूर असताना, होडीवाल्याच्या हातापाया पडून. आल्या आल्या मला म्हणाले, "वहिनी, मन्हा रोट कोनी खाधा नही ना?"

मागच्या हिवाळ्यापासून दोघे भाऊ एका पंगतीला नाहीत. हि. म्हणाले होते, "दादा, तो बिल्ला काढ, मंग मन्हासंगे जेव." हे ताटावरून उठले. हात धुताना पुटपुटले, "बिल्ला निंघना ते तुले कोन वाचाडी?" ते हि. नी ऐकलं नाही. मी ऐकलं. तेव्हापासून यांच्या मनात काय आहे ते कळेनासं झालंय, आणि विचारायची छाती नाही.

शु. ९
आज रोटांचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, आणि ती घरच्या कर्त्याने घालायची. यांनी स्वतःची घातली, आमच्या दोन्ही मुलांची घातली आणि हात झटकून उठले.

सासूबाई सुपाजवळून हलल्या नाहीत. "मन्हा आंडोर जित्ता शे. जित्ता मानूसना रोट कोनी टाळस का?"

हे म्हणाले, "तो घरमा उना ते मीच त्याले चावडीवर ली जासू." आणि बाहेर पडले.

सूप तसंच. आम्ही दोघी तशाच. संध्याकाळी हे परत आले, पागोटंही उतरवलं नाही, वाकून सव्वा मूठ घातली. सासूबाई रडल्या. त्यांना वाटलं, भाऊ विरघळला. मला रडू नाही आलं, भीतीच वाटली. म्हणजे यांनाही खात्री आहे की तो येणार. आणि आल्यावर?

शनिवार
दळण झालं. दळताना ओवी सुचेना. दरवर्षी कानबाईपुढे पदर पसरून एकच मागते, सगळे येऊ दे, कोणी मागे राहू नको. यंदा कोणत्या तोंडाने उलटं मागू? मागितलं मात्र. मनातल्या मनात, जात्याच्या आवाजात. हि. ना येऊ देऊ नको, बाई. पाय मोडू नको, पण वाट चुकव.

शु. १२, रविवार
कानबाई बसली. कानबाई म्हणून मांडलेल्या नारळाला नथ मीच घातली, दोनदा सुटली. गोठ्याच्या ओट्यावर दोन शिपाई, आमच्याच बाजेवर ऐसपैस. बायका गाणी म्हणत होत्या, मी दाराकडे पाहत होते.

हे देवीपुढे आडवे झाले ते किती वेळ उठेनात. पाटलाला एवढं नमताना मी लग्नापासून पाहिलं नाही. काय मागत असतील? मी मागितलं त्याच्या उलट तर नसेल? एकाच घरातून दोन मागणी गेली तर ती कोणाचं ऐकते?

हि. आले नाहीत. देवा!

शु. १३, सोमवार
कानबाई विसर्जनाला नदीवर गेली. शिपाई पाण्यापर्यंत बरोबर. परतल्यावर जमादार हसत म्हणाला, "माय, एक रोट मले बी द्या." सासूबाईंनी ताट पदराखाली घेतलं. "हाई आमना भाऊबंदसनं शे, जमादारसाहेब." परक्याच्या तोंडी कणही जाऊ द्यायचा नाही, हे त्याला का माहीत नाही? पाहत होता आमच्याकडे.

हि. च्या वाटणीचे रोट फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवले. पुनवेच्या आत संपायला हवेत.

चतुर्दशी
शिंकं रिकामं. फडकंसुद्धा नाही.

यांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, नदीकाठच्या काळ्या चिखलाचं. मी नुसतं पाहिलं. म्हणाले, "गाय सुटनी व्हती." गाय दाव्याला रवंथ करत बसलेली.

म्हणजे हि. कुठे आहेत ते यांना माहीत आहे. भावाला जेवू घालून आले, की ठिकाण पाहून आले? दिवसभर यांच्या तोंडाकडे बघते आहे. तेच तोंड. काही वाचता येत नाही.

पौर्णिमा, बुधवार
सकाळीच शिपाई आला, पाटलाला नंदुरबारला कचेरीत बोलावलंय. सासूबाईंनी विचारलं, "रोट सरनात का रे?"

"सरनात."

एवढंच. मग कानबाईच्या रिकाम्या चौरंगापुढे वाकले, कपाळ टेकवलं. बिल्ला हातात घेतला, लावला नाही, खिशात टाकला. तिथे गेल्यावर लावतील, की परत करतील, कोण जाणे. दारातून मला म्हणाले, "मले उशीर व्हयना ते दार लावी ले."

दिवे लागून गेले. अजून नाहीत.

कानबाई, शनिवारी मोठ्या शहाणपणाने तुला सांगितलं, हि. ना येऊ देऊ नको. तू ऐकलंस. आज दोघेही बाहेर आहेत, आणि कोणाला ये म्हणू, कोणाला नको म्हणू, मला कळत नाही. तूच बघ. दार मी लावलेलं नाही.