बारा बायकांची मापं

सर, तुम्हाला मी अजून घाबरतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः शिकवून निवृत्त झालो, डोक्यावर केस नावाला उरलेत, तरी हे लिहायला बसलो आणि टाळाटाळ सुरू झाली. आधी कागद शोधण्यात वेळ घालवला, मग चष्मा पुसण्यात, मग बायकोला म्हणालो चहा टाक. ती म्हणाली, आत्ता तर झाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं माझं आयुष्यभर चाललंय, आणि माझे ब्रह्मराक्षस तुम्ही, ज्यांनी कधी कुणावर आवाजसुद्धा चढवला नाही.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. शेवटच्या वर्षाला तुम्ही आमचे चार-चारांचे गट पाडलेत आणि सांगितलंत, पुस्तकातलं यंत्र करायचं नाही. खरंच अडलंय असं एक गिऱ्हाईक शोधायचं, त्याचं काम डोळ्यांनी बघायचं आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची. बाकीचे प्राध्यापक हसायचे. इंजिनिअरांना बाजार हिंडवतोय, असं स्टाफरूममध्ये बोललेलं आमच्याही कानावर यायचं. आमच्या गटाला लासलगाव मिळालं, कांदा निवडायचं यंत्र. पहिलं ड्रॉइंग घेऊन आम्ही ऐटीत तुमच्या टेबलाशी आलो, तर तुम्ही ते सावकाश बघितलंत आणि विचारलंत, "यात माणूस कुठाय?" आमच्यातल्या एकानं मोटरकडे बोट दाखवलं. "मोटर काढलीत, पट्टा काढलात. याच्याशी दिवसभर कोण राबणार? तिचा हात कुठवर पोचतो? जा घेऊन हे." एवढंच. पण वर्गातून बाहेर पडलो तो नापास होणार हे धरूनच. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील इगतपुरीला रेल्वेत फिटर. नापास होऊन घरी गेलो तर त्यांना काय तोंड दाखवणार, हा विचार मी रोज एकदा तरी करायचो.

त्याच रविवारी तुम्ही आम्हाला नाशिक रोडच्या क्वार्टरवर बोलावलंत. बाहेरच्या खोलीत पाहुणे होते म्हणून आम्ही चौघं स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलो. काकू जमिनीवर बसून भाकऱ्या थापत होत्या. तुम्ही शिंप्याची टेप घेऊन शेजारी मांडी घातलीत. "हात पुढे कर. आता वाकून. आता न वाकता." काकू वैतागल्या. "अहो, भाकरी करपेल. आणि पोरांसमोर हे काय!" तुम्ही आकडे सांगत होतात, मी वहीत लिहीत होतो. न वाकता हात पोचतो तेवढीच पट्ट्याची रुंदी, त्यापलीकडे बोटभरसुद्धा नाही, असं तुम्ही बजावलंत. निघताना ती टेप माझ्या हातात ठेवलीत. "असू दे तुझ्याकडेच. लासलगावला बारा बायकांची अशी मापं आण. तू नीटनेटका आहेस." त्या शब्दावर मी आठवडाभर तरंगत होतो.

आता ते व्यापाऱ्याचं कांदा निवडायचं खळं डोळ्यांसमोर येतंय. कांद्याचे ढीग, त्यांच्या कडेनं गोणपाटांवर बसलेल्या बायका, त्यांचे सपासप चालणारे हात. बारीक गोल्टी एकीकडे, जोडकांदा दुसरीकडे, सडका मागे भिरकावलेला. माझे मित्र व्यापाऱ्यापाशी चहा पीत बसलेत आणि तो बायकांबद्दलची सगळी उत्तरं स्वतःच देतोय. मी खिशातली टेप चाचपत उभा आहे. वीस वर्षांचा घोडा, आई सोडून कुठल्या बाईकडे नजर वर करून पाहिलेलं नाही. परक्या बाईला 'हात पुढे करा' म्हणायचं कसं? तिशीची एक बाई मान वर करून विचारते, "काय रं, काय पायजे?"

"काही नाही. कांदा बघतोय."

"बघ की मग. कांद्याला काय लाज हाय व्हय?"

सगळी रांग खिदळते. माझे कान तापतात आणि मी तडक स्टेशनचा रस्ता धरतो. फलाटावरच्या बाकड्यावर बसून मी माझाच हात मोजला. त्यातून कुणाची दोन बोटं कमी केली, कुणाची तीन, बारा नावं घातली आणि सुवाच्य अक्षरात तक्ता केला. पुढच्या तासाला तुम्ही तो वर्गापुढे धरलात. "हे पान बघा. गिऱ्हाईक असं समजून घ्यायचं असतं." मी मान खाली घातली; सगळ्यांना वाटलं लाजला. तेव्हापासून तुम्ही माझं नाव घेतलंत की मी वहीत डोकं खुपसायचो. चोराच्या मनात चांदणं. कितीदा ठरवलं, उद्या सांगू. तोवर वर्कशॉपमध्ये लोखंड कापून झालं होतं.

यंत्र खळ्यात चालवून दाखवायच्या दिवशी तुम्ही नवा शर्ट घातला होतात. पट्टा सुरू झाला, कांदे निघाले, व्यापारी टाळ्या वाजवायला लागला. बायका दोन्ही बाजूंना बसल्या. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मधला कांदा कुणाच्याच हाताला येत नाही. त्यांचे हात काकूंच्या हातांएवढेच होते, माझ्याएवढे नव्हते. त्या वाकत होत्या, अजून वाकत होत्या. मी ओरडायला हवं होतं. सर, मी नुसता बघत होतो. कांदा बघायला गेलो तेव्हा मला हसलेली बाई पार पुढे ओणवली, तिचा पदर साखळीच्या झाकणाखाली गेला आणि ती मानेनं खाली खेचली गेली. तिनं पदर सोडवायला हात घातला. तुम्ही धावत जाऊन खटका पाडलात. तिचा जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं चेचली. ती नुसती हाताकडे बघत राहिली, आणि तिच्या मागे कांदे भराभरा जमिनीवर पडत होते.

पंधरा दिवसांनी तुम्ही तिच्या घरी निघालात आणि मला सोबत घेतलंत. मापं तू घेतलीस, तुला ओळखत असतील, म्हणालात. ती दारातच बसली होती, हाताला फडकं. आपल्याला बघून उठायला लागली. "सायेब, माजंच चुकलं. मधला कांदा येईना म्हनून मी लय वाकले."

"तुमचं कसं चुकेल, ताई? तुमच्याच हातांची मापं घेऊन केलं होतं ते."

"माजा हात? माजा तं कुनी मोजला नाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, संपलं सगळं. आणि माझ्या तोंडून किती सहज निघालं, "दुसऱ्या बायकांचा मोजला, सर. या त्या दिवशी नव्हत्या." तिनं मला ओळखलं होतं. तिच्या डोळ्यांत ते स्वच्छ दिसलं. पण ती गप्प बसली, आणि तुम्हाला पाणी आणायला आत गेली. हे का केलं असेल तिनं, हे मला आजही कळत नाही.

परतीच्या एस्टीत निफाड मागे पडल्यावर तुम्ही विचारलंत, "ती पानं नीट आहेत ना रे?" मी म्हणालो, हो सर. तुम्ही बाहेरच्या द्राक्षांच्या मांडवांकडे वळलात. मग म्हणालात, "मग माझंच काहीतरी समजायचं राहिलं." कॉलेजच्या चौकशीत तुम्ही तसंच लिहून दिलंत, "रचना तपासायची जबाबदारी माझी होती, विद्यार्थ्यांची नाही." गटांचं काम बंद झालं. तुम्ही शेवटपर्यंत पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवत राहिलात. आम्ही चौघं पहिल्या वर्गात पास झालो.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. ऐंशी सालानंतर तुम्ही आजारी पडलात तेव्हा दोनदा तुमच्याकडे आलो. एकदा फाटकावरूनच परत फिरलो. दुसऱ्यांदा आत बसलो, तुम्ही विचारलंत, "मुलांना बाहेर नेतोस की नाही?" मी म्हणालो, परवानगी मिळत नाही. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. काकूंनी शिरा दिला, तो कसाबसा गिळला आणि निघालो. त्यानंतर आपली भेट झाली नाही.

तुमच्यानंतर मी गट सुरू केले, हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतोय. पहिल्याच वर्षी एका मुलीनं दवाखान्यात काम करणाऱ्या आयांसाठी ढकलगाडी करायला घेतली. तिचं मापांचं पान माझ्यापुढे आलं तर निम्मे रकाने रिकामे. मी चिडलो. "हे काय? पूर्ण का नाही केलंस?" ती म्हणाली, "सर, त्या नाही म्हणाल्या. मग नाही म्हणाल्या असंच ठेवायचं ना?" मी पान तिला परत दिलं, बरोबर आहे म्हणालो, आणि तास अर्धवट टाकून बाहेर गेलो. ती पोरगी बिचारी दिवसभर घाबरून होती की आपलं काय चुकलं. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगणार होतो, तुझं काही चुकलं नाही. तेही राहूनच गेलं.

हे पत्र काकूंना द्यावं असं एकदा मनात आलं होतं; त्याही आता नाहीत. खळ्यातल्या त्या बाईंच्या गावी जायला माझे पाय उचलत नाहीत. म्हणजे हे इथेच राहणार, माझ्याकडेच. तक्त्याचं सगळं लिहून झालं, सर, पण ज्याला मी खरा घाबरतो ते तक्त्यात नाही. तुम्ही गेल्याचं मला कॉलेजच्या शिपायानं जिन्यात सांगितलं. त्या दिवशी मी खूप रडलो, तुमच्या खांदेकऱ्यांत होतो, लोक म्हणाले, काय जीव होता याचा सरांवर. जीव होताच. पण जिन्यात ऐकलं तेव्हा, रडू यायच्या आधी, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.