मिनिटाला दीड लाख फेरे

३ मार्च
फुगा गेलाच नाही! हृदयाच्या नळीत चुना इतका घट्ट साचलाय, की गेल्या आठवड्यात अँजिओप्लास्टी अर्धी सोडून मला बाहेर आणलं. आज डॉक्टर म्हणाले, आता हिऱ्याची कणी लावलेलं बारीक ड्रिल आत घालून चुना घासू. मी विचारलं, फेरे किती? "मिनिटाला दीड लाख." चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, असला आकडा ऐकला नव्हता. धोकेही सांगितले — नळी फाटू शकते, ड्रिल अडकू शकतं. हिचा चेहरा उतरला. मी आपला विचारतोय, सरळ दाबत नेता, की जरा टोचून मागे घेत? "टोचतच, काका. दाबलं की घात." माणूस आपल्यातला वाटला.

६ मार्च
उद्या. हिने पिशवी चार वेळा भरली. मला भीती वाटते. तिला सांगितलं नाही.

१० मार्च
लिहितोय म्हणजे आहे.
शुद्धीवर होतो. ड्रिलची शीळ थांबत थांबत ऐकू येत होती. मग छातीत कळ, डोळ्यांपुढे अंधार. वळणावर नळी फाटली. डॉक्टरांनी आतून फुगा दाबून धरला, अस्तर लावलेला स्टेंट बसवला, हृदयाभोवती साचलेलं रक्त काढलं. नळी फाटलीच तर लागणारं सामान त्यांनी सुरुवातीलाच एका ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं, असं सिस्टर म्हणाल्या. त्या ट्रेचे उपकार कसे फेडू?

११ मार्च
डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "काका, वळणावर मी थांबायला हवं होतं. थोडं पुढे नेलं. चूक माझी." दुसरी नळी बाकी आहे, तीही चुन्याने तशीच भरलेली. त्यासाठी त्यांनी स्वतःच दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. ते गेल्यावर ही म्हणाली, "पुन्हा त्या माणसाच्या हाती नाही."
आमच्या खात्यात ड्रिल तुटलं की लोक तुकडे भंगारात लपवायचे. जो स्वतः तुकडा घेऊन यायचा, त्यालाच मी पुढचं अवघड काम द्यायचो. हिला सांगितलं. "ते लोखंड होतं," म्हणाली.

२ एप्रिल
एक मजला चढलो. दम लागला नाही. ही मागे होती, वर पोचल्यावर रडली. तब्येत विचारायला डॉक्टरांचा रोज फोन येतो. हल्ली हीच उचलते.

९ एप्रिल
तपासणी. मी तोंड उघडायच्या आत हिने ती चिठ्ठी डॉक्टरांपुढे सरकवली. "ही नको. दुसरी नळीही तुम्हीच करा."
चिठ्ठी उचलून ते म्हणाले, "काकू, त्या दिवसापासून मी ड्रिल हातात घेतलेलं नाही."
"मग आता घ्या," ही म्हणाली.