वैद्याचा तंबू

रायपूर, ऑपरेशन थिएटरबाहेर

चि. सौमित्र,

सुश्रुत सांगतो, की लढाईत वैद्याचा तंबू राजाच्या तंबूशेजारी असावा, वर झेंडा असावा. त्याच भरवशावर मी तुझ्या आईला म्हणालो होतो, "पोट्टा फौजेत पट्ट्या बांधायला जाऊन राहिला, रडतेस काहून? आता तर रायपूर राजधानी झालं, राजाही जवळच!" संस्कृतात नापास झालास, पण बापाचं एवढं खरं मानलंस.

बस्तरच्या जंगलात जखमी जवानाला पट्टी बांधायला धावलास, तर तुझ्याच पायाखाली सुरुंग फुटला. डॉक्टर म्हणाले, "पंडितजी, पैर बचाएँगे तो लड़का नहीं बचेगा." तू शुद्धीवर नाहीस, म्हणून तुले न विचारता सही केली.

हे पत्र खिशातच ठेवतो. तू फक्त ऊठ आणि मले शिव्या दे. एकाही शिवीचं व्याकरण तपासणार नाही.

तुझा बाप