ओल्या वाळूवरून

पनवेल,
ता. १४ मे १९५६

तीर्थरूप अण्णांच्या चरणी सत्यवतीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघी इथे सुखरूप आहोत. घाटात आईला बस लागली, पण पनवेलला उतरताच ती सावरली आणि आता मामीच्या स्वयंपाकघरात हुकूम सोडते आहे. भोरला तुम्ही एकटेच. लोणचं वरच्या फळीवर पिवळ्या बरणीत आहे, उगाच सगळे डबे उघडत बसू नका.

काल दाजीमामांनी आम्हांला उरणला समुद्रावर नेलं. अण्णा, तुम्ही समुद्र पाहिला आहे का? कधी बोलला नाहीत. वाटेत मिठागरं लागली. ते पांढरे ढीग मला आधी चुन्याचेच वाटले. एवढं मीठ उघड्यावर पडलेलं, मग कुणी चोरत कसं नाही? अवकाळी पाऊस आला तर सगळं पुन्हा पाणी होतं का? मामा हसायलाच लागले. मामी मात्र म्हणाली, "सासरच्यांपुढे असे प्रश्न विचारू नकोस हो."

तिथेच माझे कान टवकारले. निघताना तिने मला जरीकाठी लुगडं नेसायला लावलं होतं, वर 'भिजवू नकोस' अशी ताकीद. समुद्रावर जायचं आणि भिजायचं नाही, हा काय प्रकार?

किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत पनवेलचंच एक कुटुंब 'अचानक' भेटलं. आई आणि मुलगा. मुलगा कमळाकर, भाताच्या गिरणीत कारकून. भेट अचानक, तरी मामीच्या डब्यात त्यांच्यापुरत्याही साटोऱ्या होत्या! मी काय ते समजले, पण गंमत वाटली म्हणून गप्प बसले. वारा छान होता. आई तर चक्क पाय पसरून बसली होती.

मामा मला सारखं काहीतरी आणायला पिटाळत होते. तांब्या आण, पिशवी आण. मी जायची, यायची. त्या बाई माझ्याकडे बघायच्या आणि हसायच्या. मला नवल वाटलं. आपल्या घरी मी चार पावलं टाकली की पाहुण्यांची नजर खाली वळते. इथे कुणाला काहीच कसं दिसेना?

तेवढ्यात ताडगोळे विकणारी हौसा डोक्यावर टोपली घेऊन, एका अंगावर झुकत आली. मी विचारलं, "मावशी, पाय दुखतोय का?"

"नाय गो बाय! सुक्या रेतीत समदीच लंगडी. आमी पन नि तुमी पन."

सोललेला ताडगोळा माझ्या हातातच राहिला. बघितलं तर मामा लंगडत होते, आई लंगडत होती, कमळाकरही लंगडत होते. अण्णा, माझा पाय वाळूत लपवायची ही युक्ती मामांची नाही. त्यांना एवढं सुचत नाही. निघताना माझ्याकडे न बघता "मजेत राहा" म्हणालात, ते मला आता कळलं.

आधी तुमचा फार राग आला. मग रडू आलं. मागचे पाहुणे माझा पाय बघून उठून गेले, त्या दिवशी तुम्ही पानावरून तसेच उठला होतात. ते मी विसरलेले नाही.

पण माझी खोड तुम्हांला ठाऊक आहे. मी चपला तिथेच टाकल्या आणि पाण्याच्या कडेला गेले. तिथली वाळू ओली, फरशीसारखी घट्ट. मागून कमळाकर आले. "शिंपले वेचताय?" म्हणाले.

"नाही. जरा मागे बघा."

मागे माझी पावलं उमटली होती. एक पुरं, दुसरं नुसत्या चवड्याचं, आणि प्रत्येक वेळी ओढल्याची रेघ. ते वाकून बघत राहिले. लाटेने पावलं पुसली तरी बघत होते. लांबून मामी जीव तोडून हाका मारत होती.

"लहानपणी ताप आला होता, तेव्हापासून," मी सांगितलं.

"जिना चढता येतो का? आमची खोली वर आहे."

"येतो. उतरताना कठडा लागतो."

ते म्हणाले, "आमच्याकडे एकाच बाजूला आहे. तुम्हांला कोणत्या बाजूला हवा?"

डाव्या, मी म्हटलं. अण्णा, हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मला हा माणूस आवडला. बापाला असं लिहू नये, पण लिहिते.

त्यांच्या आईला मात्र अजून काही माहीत नाही. त्या येत्या रविवारी भोरला यायचं म्हणताहेत. कमळाकर आधी सांगणार होते, मीच नको म्हटलं. त्यांनी डोळ्यांनी बघावं. तेव्हा ओटीवर सतरंजी घालू नका. मी स्वयंपाकघरापासून फरशीवरून चालत येईन. तुम्ही पाहुण्यांची तोंडं बघू नका, माझ्याकडे बघा. आणि त्या उठून गेल्याच, तरी त्या दिवशी तुम्ही माझ्याशेजारी पाट मांडून पोटभर जेवायचं.

मामी लुगड्याचे मिठाचे डाग धुते आहे आणि माझ्या नावाने बोटं मोडते आहे.

तुमची, लुगडं भिजवून आलेली,
सत्या